मुक्कामी गाडीचा हिशेब

संध्याकाळी तालुक्याच्या आगारातून सुटायचे, शेवटच्या गावात रात्रभर थांबायचे आणि पहाटे तिथूनच परत निघायचे, असा जिचा रोजचा क्रम असतो तिला एसटीत मुक्कामी गाडी म्हणतात. चालक-वाहक देवळाच्या ओसरीवर, शाळेच्या व्हरांड्यात, नाहीतर गाडीतल्याच बाकांवर पथारी टाकतात. पहाटे इंजिनाची घरघर सुरू झाली की गाव हलायला लागते. दुधाची किटली घेतलेला माणूस, ग्रामीण रुग्णालयात तपासणीची तारीख असलेली गरोदर बाई आणि तिची सासू, बाजाराला निघालेल्या भाजीच्या पाट्या, दप्तरे पाठीला लावलेली कॉलेजची पोरे-पोरी, सगळे याच गाडीचे प्रवासी. अशी गाडी बंद झाली तर त्याची बातमी होत नाही. आगाराच्या वेळापत्रकातली एक ओळ खोडली जाते, इतकेच. पण त्या दिवसापासून अकरावीतल्या मुलीने पहिल्या तासाला पोहोचायचे कसे, हा प्रश्न तिच्या घरात रोज सकाळी उभा राहतो. ज्या घरात दुचाकी नाही, किंवा असलेली दुचाकी बाप कामाला घेऊन जातो, तिथे या प्रश्नाचे उत्तर मुलीच्या विरुद्ध जायला फार दिवस लागत नाहीत.

महाराष्ट्रात प्रवासभाड्यातली सवलत हा आता मोठा राजकीय विषय झाला आहे आणि त्यात वावगे काही नाही. 26 ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांपुढच्या नागरिकांना एसटीचा प्रवास मोफत झाला. 17 मार्च 2023 पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट लागू झाले. विद्यार्थ्यांना पासाच्या रकमेत दोन-तृतीयांश सवलत जुनीच आहे. अहिल्याबाई होळकर योजनेत शाळकरी मुलींना पास मोफत मिळतो. दिव्यांग, रुग्ण, पुरस्कारप्राप्त खेळाडू अशा अनेक घटकांसाठी वेगवेगळ्या सवलती आहेत. यातली प्रत्येक सवलत कुणाच्या ना कुणाच्या घरखर्चाला हातभार लावते. पण सगळ्या सवलती एक गोष्ट गृहीत धरतात, ती म्हणजे गाडी येते. ज्या वाडीला दिवसातून एकच फेरी होती आणि तीही बंद झाली, तिथे अर्ध्या तिकिटाला काही मोल उरत नाही. गरीब कुटुंबांना, तरुणांना आणि आडबाजूच्या वस्त्यांना सार्वजनिक वाहतूक खरोखर उपलब्ध करून द्यायची असेल तर आधी फेरीची हमी द्यावी लागेल. तिकिटाचा विचार त्यानंतरचा. आज आपण नेमके उलट करतो, आणि याचे मूळ एसटीच्या हिशेबाच्या रीतीत आहे.

ही रीत समजून घेण्यासारखी आहे. एसटीत कोणत्याही फेरीचे भवितव्य एका शब्दाशी बांधलेले असते, तो शब्द म्हणजे भारमान. गाडीतल्या एकूण आसनांपैकी किती आसने भरली, त्याची ही टक्केवारी. समजा, 44 आसनांची गाडी सकाळी गावातून गच्च भरून तालुक्याला गेली आणि परत येताना तिच्यात सहाच माणसे होती. सकाळी तालुक्याहून खेड्याकडे जायला कोणाला काम असते? म्हणजे जाऊन-येऊन 88 आसनांत 50 माणसे, भारमान 57 टक्के. आता जातानाच्या त्या 44 जणांकडे नीट पाहू. त्यांत 15 मुली मोफत पासवाल्या, 15 मुलगे एक-तृतीयांश रक्कम भरलेले, 8 बायका अर्ध्या तिकिटाच्या आणि 6 पुरुष पूर्ण तिकिटाचे असे धरले, तर गच्च भरलेल्या गाडीतून प्रवाशांनी दिलेले पैसे अवघ्या 15 पूर्ण तिकिटांइतके होतात. उरलेली रक्कम सरकारकडून प्रतिपूर्ती म्हणून महामंडळाला मिळायची असते, आणि ती वेळेवर पूर्ण मिळत नाही ही महामंडळाची जुनी तक्रार आहे. आकडे उदाहरणासाठी घेतले असले तरी घडण खरी आहे. शाळेची फेरी स्वभावतःच एका बाजूला भरलेली आणि दुसऱ्या बाजूला रिकामी असते, आणि तिचे प्रवासी सवलतीचे असतात. त्यामुळे ज्या फेरीची गरज सर्वात मोठी, तीच कागदावर सर्वात कमकुवत दिसते. डिझेल महागले, गाडी कमी पडली, चालक रजेवर गेला की आगारप्रमुखाला कुठली तरी फेरी रद्द करावी लागते. तो लांब पल्ल्याची भरलेली गाडी थांबवणार नाही, कारण त्याचे काम उत्पन्नावर मोजले जाते. त्या माणसाला दोष देऊन काही साधणार नाही.

कायद्यातच ही ओढाताण आहे. 1 जून 1948 रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगरपर्यंत, पहिली एसटी धावली. पुढे 1950 चा मार्ग परिवहन महामंडळ कायदा आला. त्याचे कलम 18 सांगते की पुरेशी, कार्यक्षम, किफायतशीर आणि सुसूत्र प्रवासी सेवा देणे हे महामंडळाचे कर्तव्य आहे. कलम 22 सांगते की महामंडळाने आपला कारभार व्यापारी तत्त्वांवर चालवावा. गाड्या भरपूर होत्या आणि रस्त्यावर दुसरे वाहन क्वचित दिसत होते, तोवर ही दोन कलमे एकमेकांशेजारी सुखाने नांदली. लांब पल्ल्याच्या गर्दीच्या मार्गांचा नफा आडवळणाच्या फेऱ्यांचा तोटा भरून काढत असे. पुढे खासगी आरामगाड्यांनी ते कमाईचे मार्ग वाटून घेतले. मग करोना आला. त्यापाठोपाठ ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस सुरू झालेला कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल 2022 पर्यंत लांबला. करोनापूर्वी महामंडळाकडे 18 हजारांवर गाड्या होत्या आणि रोज 65 लाखांच्या आसपास प्रवासी होते. त्यानंतरच्या वर्षांत गाड्या 15-16 हजारांवर आल्या आणि प्रवासी 55 लाखांच्या घरात. संपानंतर ज्या फेऱ्या परत सुरू झाल्या नाहीत, त्यांत शहराशहरांना जोडणाऱ्या फार थोड्या होत्या. कात्री लागली ती गावाच्या फेऱ्यांना.

फेरीची हमी देता येते याचे उदाहरण मात्र आपल्याच राज्यात आहे, आणि त्याची जितकी चर्चा व्हायला हवी तितकी होत नाही. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या 22 जिल्ह्यांतील 125 मागास तालुक्यांना मुलींच्या शाळेसाठी स्वतंत्र एसटी गाड्या देण्यात आल्या. मराठवाडा, विदर्भ, खानदेशात या निळ्या रंगाच्या गाड्या लोक ओळखतात. गावात आठवीपुढची शाळा नसेल, तर मुलींनी या गाडीने शेजारच्या मोठ्या गावी जायचे आणि बारावीपर्यंत तिकीट काढायचे नाही, अशी ही योजना. तिचे खरे वैशिष्ट्य फुकट प्रवासात नाही, कारण फुकट पास आधीही होता. या योजनेत गाडी शाळेसाठी नेमून दिलेली असते आणि तिचे वेळापत्रक शाळेच्या घंटेवर लावलेले असते. भारमान कमी पडले म्हणून ती दुसऱ्या मार्गावर पाठवायची नसते, निदान योजनेचा हेतू तसा आहे. जिथे हा हेतू पाळला जात नाही, म्हणजे निळी गाडी लग्नसराईत किंवा यात्रेला वळवली जाते, तिथे पालक चिडतात आणि ते योग्यच आहे. पण इतर गावच्या पालकांना जाब विचारायलाही हातात काही नसते. इथे निदान गाडी कोणाची हे ठरलेले आहे.

आठवीपुढचा टप्पाच का महत्त्वाचा, हेही पाहायला हवे. शिक्षणहक्क कायद्याखालच्या महाराष्ट्राच्या नियमांनुसार पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी लागते. हा हक्क आठवीला संपतो. नेमके तिथूनच शाळा लांब जाते, मूल चौदा-पंधरा वर्षांचे होते, आणि मुलीला एकटीने चालत पाठवायला घरचे कचरतात. बिहारने 2006 मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्या योजनेचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेतली मुलींची नोंदणी 32 टक्क्यांनी वाढल्याचे आणि मुलगे-मुलींमधली तफावत 40 टक्क्यांनी घटल्याचे दिसले. हा फरक मुख्यतः माध्यमिक शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब असलेल्या गावांत पडला. शाळा तीच, शिक्षक तेच, मुलीही त्याच. मधले अंतर ओलांडायचे साधन तेवढे नवे होते. दिल्लीत गिरिजा बोरकर यांनी दिल्ली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. तिथे मुली गुणांवर चांगले महाविद्यालय मिळत असतानाही, जाण्यायेण्याचा रस्ता सुरक्षित असलेले कमी दर्जाचे महाविद्यालय निवडताना आढळल्या. एका ठिकाणी अंतर आड आले, दुसऱ्या ठिकाणी भीती; दोन्हीकडे मुलीचे शिक्षण वाहतुकीने ठरवले.

शहरात हाच प्रश्न वेगळ्या रूपात दिसतो. तिथे गाडी असते, पण ती घर ते कार्यालय असा सरळ प्रवास करणाऱ्या माणसासाठी आखलेली असते. घर चालवणाऱ्या बाईचा दिवस असा सरळ नसतो. मूल अंगणवाडीत सोडायचे, दोन घरची कामे उरकायची, रेशन आणायचे, सासूला दवाखान्यात न्यायचे, मुलाला परत आणायचे, असे तिचे चार-पाच लहान प्रवास होतात, आणि प्रत्येक चढण्याला किमान भाडे नव्याने मोजावे लागते. मुंबईत बेस्टने जुलै 2019 मध्ये किमान भाडे 5 रुपयांवर आणले, तेव्हा काही महिन्यांतच प्रवासी लाखांनी वाढले. 9 मे 2025 पासून ते 10 रुपये झाले. दिवसाला चार वेळा चढणाऱ्या बाईचा महिन्याच्या 26 दिवसांचा खर्च 520 रुपयांवरून 1,040 वर गेला. मासिक पास आहेत, पण रोजंदारीवरच्या माणसाला महिन्याची रक्कम एकदम काढणे जड जाते. शिवाय भाडे दुप्पट झाले तेव्हा थांब्यावरची प्रतीक्षा कमी झाली नव्हती. केंद्राच्या नगरविकास खात्याने शहरी बससेवेसाठी जे मापदंड ठरवले, त्यातली सर्वात वरची पातळी दर हजार लोकसंख्येमागे 0.6 बस, म्हणजे लाखाला 60. बृहन्मुंबईची 2011 च्या जनगणनेतली लोकसंख्या 1 कोटी 24 लाख. त्या हिशेबाने साडेसात हजारांच्या आसपास गाड्या लागतात. बेस्टच्या ताफ्यात 2025 साली तीन हजारांपेक्षा कमी उरल्या होत्या. मुंबईला लोकल आहे हे खरे, पण माहूल किंवा मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतीतून स्टेशन गाठायलाही बसच लागते. झोपडी हलवून पक्के घर देताना शाळा, काम आणि दवाखाना किती लांब पडतील, याचा हिशेब कोणी केला नव्हता. तो आता तिथली माणसे रोज करतात.

आणि गाडी आली तरी तिच्यात चढता आले पाहिजे. आपल्या साध्या बस बहुतेक ट्रकच्या चासीवर बांधलेल्या असतात. त्यामुळे आतला तळ रस्त्यापासून जवळजवळ माणसाच्या कमरेइतका उंच राहतो आणि तिथवर अरुंद, खड्या पायऱ्यांनी चढावे लागते. कडेवर मूल, एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताने दांडा पकडायचा, पहिली पायरी गुडघ्याच्या उंचीची, मागून लोकांचा रेटा आणि वाहकाची घंटी. साठीतली बाई आधी दोन्ही हात पायरीवर टेकते आणि मग पाय उचलते. कुठल्याही स्थानकावर हे पाहता येईल. शहरांतल्या लो-फ्लोअर गाडीत हीच उंची सुमारे 400 मिलिमीटर असते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने वाहतूक सुगम करणे सरकारवर बंधनकारक केले आहे. तरी चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला गावाकडच्या गाडीत आजही दोघांनी उचलूनच चढवावे लागते. त्याला तिकिटात सवलत आहे, पायरीत नाही.

फेरीच्या हमीवर पहिला आणि वजनदार आक्षेप पैशांचा. एसटीचा संचित तोटा 10 हजार 300 कोटी रुपयांच्या पुढे गेल्याचे जून 2025 च्या सरकारी श्वेतपत्रिकेने सांगितले. जानेवारी 2025 मध्ये भाडे 14.95 टक्क्यांनी वाढवावे लागले. अशा संस्थेवर तोट्याच्या फेऱ्या लादायच्या का? हा आक्षेप झटकून टाकता येणार नाही. पण तो ज्या तोट्याबद्दल बोलतो, त्याची फोड करून पाहिली पाहिजे. एसटी आपल्या भाड्याच्या उत्पन्नावर राज्याला 17.5 टक्के प्रवासी कर देते. सवलतीचे पैसे उशिरा मिळाल्याने तिला डिझेल आणि पगारासाठी ओढाताण करावी लागते. म्हणजे सामाजिक जबाबदारी सरकार ठरवते आणि तिचा भार आधी महामंडळाच्या ताळेबंदावर पडतो. दुसरे असे की हाच प्रश्न आपण रस्त्याला विचारत नाही. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना 2000 साली सुरू झाली, तेव्हा सपाट भागात 500 आणि डोंगराळ व आदिवासी भागात 250 लोकवस्तीच्या वाडीपर्यंत बारमाही रस्ता न्यायचा, असा निकष ठरला. त्या रस्त्याचे भारमान काय, असे कोणी विचारले नाही, आणि विचारू नये. पण ज्याच्याकडे वाहन नाही, त्याच्या दृष्टीने बस नसलेला डांबरी रस्ता म्हणजे पावसाळ्यात चिखल न होणारी पायवाट. रस्त्यासाठी लोकसंख्येचा निकष लावणाऱ्या सरकारला त्याच रस्त्यावरच्या दोन फेऱ्यांसाठी तसा निकष लावता येईल.

दुसरा आक्षेप असा की एसटीची जागा वडापने भरून काढली आहे. काळी-पिवळी आहे, टमटम आहे, आणि आता दारोदारी दुचाकी आहे. वडापला नावे ठेवणे मला पटत नाही. एसटी न पोहोचलेल्या असंख्य वस्त्यांना त्यानेच धरून ठेवले आहे. पण वडाप गाडी भरल्याशिवाय हलत नाही. म्हणून तिला वेळ नसते, आणि ज्याला घंटेच्या ठोक्याला वर्गात बसायचे आहे त्याला वेळेखेरीज दुसरे काही नको असते. तिथे पास चालत नाही, सवलत नाही. पुढच्या बाकावर चालकासह चौघांत अंग चोरून बसायची वेळ मुलीवर आली की तिचे शिक्षण थांबवायला घरच्यांना कारण मिळते. दुचाकी हप्त्यावर येते, पण ती घरातल्या एकाची असते. मेट्रोबद्दल थोडक्यात सांगायचे तर पुणे-नागपूरची मेट्रो चांगली आहे, विद्यार्थ्यांना तिच्यात 30 टक्के सवलतही आहे. पण मेट्रोच्या स्थानकापर्यंत आणि तिथून पुढे नेणारी बस पुरेशी नसेल, तर ती स्थानकाजवळ राहणाऱ्यांचीच सोय ठरते.

तिसरा आक्षेप सवलतींच्या बाजूने येतो आणि त्याचा मान राखला पाहिजे. तमिळनाडूने मे 2021 मध्ये साध्या बसमध्ये महिलांचा प्रवास मोफत केला. तिथल्या राज्य नियोजन आयोगाच्या पाहणीत बाईचे महिन्याला सरासरी 888 रुपये वाचत असल्याचे आढळले. कर्नाटकात 11 जून 2023 पासून शक्ती योजना लागू झाली आणि जुलै 2025 पर्यंत तिथे महिलांचे 500 कोटी मोफत प्रवास नोंदले गेले. हे आकडे सांगतात की भाडे हा खराखुरा अडसर होता आणि तो दूर होताच बायका बाहेर पडल्या. मग सवलत दुय्यम कशी? दुय्यम नाहीच, पण ती गाडीवर उभी आहे. कर्नाटकात गर्दी वाढताच जादा गाड्यांची मागणी उठली, आणि विद्यार्थ्यांना चढायला जागा मिळत नसल्याच्या तक्रारी आल्या. मोफत तिकिटाने मागणी वाढते, गाडी वाढत नाही. मागणी वाढवून गाड्या तेवढ्याच ठेवल्या, तर थांब्यावर रेटारेटीत मागे राहतो तो म्हातारा माणूस, दिव्यांग, आणि कडेवर मूल असलेली बाई.

तेव्हा बदलायची आहे ती मोजण्याची रीत. ठरावीक लोकवस्तीच्या प्रत्येक गावाला शाळेच्या वेळेशी जुळणारी सकाळची आणि संध्याकाळची अशा दोन फेऱ्या मिळाल्याच पाहिजेत, हा नियम व्हावा. या फेऱ्या भारमानाच्या हिशेबातून वगळाव्यात आणि सरकारने त्यांचे पैसे तिकिटांमागे न देता धावलेल्या किलोमीटरमागे द्यावेत. गाडी धावली तर पैसे, न धावली तर नाही, एवढा सरळ व्यवहार. असे झाले की आगारप्रमुखाच्या दृष्टीने शाळेची फेरी खात्रीच्या उत्पन्नाची ठरेल. फेरी रद्द झाली तर ते त्याच दिवशी सरपंचाला आणि मुख्याध्यापकाला कळवणे सक्तीचे हवे. 2024 पासून एसटीने विद्यार्थ्यांचे पास थेट शाळेत द्यायला सुरुवात केली आहे. जी यंत्रणा पास घेऊन शाळेत जाऊ शकते, तिला येताना शाळेचे वेळापत्रकही मागून घेता येईल. नव्या गाड्या ताफ्यात येत आहेत, त्यातल्या किती गावाकडच्या फेऱ्यांना मिळाल्या याचा आगारवार तक्ता लोकांसमोर लागला पाहिजे.

हे मुंबईतून ठरेपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवशी गावोगाव ग्रामसभा भरते. जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वीची शेवटची सभा 1 मेची. त्या सभेत एक ठराव मांडा. त्यात आपल्या गावातून आठवीपुढे बाहेरगावी शिकायला जाणारी मुले-मुली किती, त्यांच्या शाळा-कॉलेजची घंटा किती वाजता होते आणि सुटते, दवाखान्याचा व बाजाराचा वार कोणता, आणि गेल्या वर्षभरात कुठली फेरी किती दिवस आली नाही, हे तारखांसह लिहा. त्याची एक प्रत आगार व्यवस्थापकाला, एक विभाग नियंत्रकाला आणि एक आमदाराला द्या, आणि चौथ्या प्रतीवर पोहोच घ्या.